पाय घसरल्यापासून गाडी येईपर्यंत: दिवसभराच्या ट्रेकची पिशवी

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं: ऑफिसमधले नऊ जण जुलैत पन्हाळ्यावरून मसाई पठारावर जाणार आणि पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या आसपास, रांगणा किल्ल्यावर. सोबत 56 वर्षांचे एक साहेब आहेत, त्यांना शुगर आहे. एकीची 14 वर्षांची मुलगीही येणार आहे. ऑनलाइन शंभर नगांचा तयार फर्स्ट एड बॉक्स मिळतोय, तो घ्यावा का? आणि नको असेल तर पिशवीत नेमकं काय भरावं?

ताई, तयार बॉक्स नका घेऊ. मी बावीस वर्षं कोल्हापुरातून गट घेऊन डोंगरात जातोय. डॉक्टर नाही, पण प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय आणि दर दोन वर्षांनी उजळणी करतो. असे बॉक्स मी बरेच उघडून पाहिलेत. शंभरातले साठ नग म्हणजे बोटाएवढ्या चिकटपट्ट्या, आणि त्या पावसात भिजलेल्या कातडीला चिकटतच नाहीत. उरलेल्यात प्लास्टिकची कात्री, दोन इंची बँडेज आणि चिमटा. घरात, गाडीत ठेवायला तो बॉक्स ठीक आहे. डोंगरात आपल्यापुढचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो प्रश्न वेळेचा आहे.

मसाई पठाराच्या मधोमध कुणाचा पाय गेला असं समजा. गाडीरस्त्यापर्यंतची जी वाट धडधाकट माणूस तासाभरात चालतो, तीच वाट जखमी माणसाला उचलून नेताना तीन-चार तास खाते. चिखल असतो, धुकं असतं, उचलणारे दर पन्नास पावलांनी बदलावे लागतात. पुढे 108 ची गाडी येणार, ती दवाखाना गाठणार. हे मधले चार-पाच तास माणूस कोरडा, उबदार आणि शुद्धीवर राहिला, त्याचं रक्त थांबलेलं राहिलं, म्हणजे पिशवीनं आपलं काम केलं. पिशवीत टाकायच्या प्रत्येक वस्तूला मी हेच विचारतो: या चार तासांत तुझा उपयोग काय?

हे मला शिकवणारा प्रसंग सांगतो. अकरा वर्षांपूर्वीचा जुलै. आम्ही चौदा जण मसाईवर होतो. पाऊस झोडपत होता आणि धुकं इतकं की पुढच्याची सॅक दिसायची, माणूस दिसत नव्हता. कॉलेजचा एक पोरगा ओढ्याच्या तोंडाशी शेवाळलेल्या कातळावर घसरला. घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला. माझ्याकडे तेव्हा मोठा, जड, लाल बॉक्स होता. मी त्यातलं बँडेज काढलं, फवारा काढला, वेदनेची गोळी दिली आणि मला वाटलं, झालं. वीस मिनिटांनी लक्षात आलं की पायाचं दुखणं मागे पडलंय आणि पोरगा थडथड उडतोय. अंगात जीन्स आणि सुती टी-शर्ट, वरून वारा. थोड्या वेळानं थरथर कमी झाली. मित्रांना बरं वाटलं, मला मात्र धडकी भरली, कारण नाव विचारलं तर तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. थंडीनं कुडकुडणाऱ्याची थरथर ऊब न मिळता थांबली आणि जीभ जड झाली, तर शरीर हार मानायला लागलंय असं समजायचं.

आमची शिट्टी ऐकून धनगरवाड्यावरचे एक मामा धुक्यातून आले. त्यांनी काही विचारलं नाही. डोक्यावरचं घोंगडं काढलं, पोराचा टी-शर्ट काढायला लावला आणि उघड्या अंगाभोवती ते घोंगडं गुंडाळलं. घोंगडं वरून भिजलेलंच होतं, पण लोकर भिजली तरी ऊब धरते. सुती कापड आणि जीन्स भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात. मामांनी कंबरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून त्याला चघळायला दिला. पायाला आम्ही वर्तमानपत्राची जाड गुंडाळी बांधली आणि दिवेलागणीला रस्त्यावर आलो. माझ्या लाल बॉक्समधलं त्या दिवशी कामाला आलं ते फक्त बँडेज.

तेव्हापासून माझ्या पिशवीचा तळ औषधांचा नसतो, उबेचा असतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. लक्ष्मीपुरीत सहा बाय आठ फुटांची हलकी ताडपत्री घ्या, कडांना रिंगा असलेली. सोबत दहा मीटर नायलॉनची बारीक दोरी. ही दोरी ताडपत्री ताणायला आणि काठ्या बांधायला. तिला धरून कुणाला कड्यावरून उतरवायचं नाही. दोन मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशव्या ठेवा. बंद टोकाला डोकं जाईल एवढं भोक पाडलं की अंगभर रेनकोट होतो, आणि पाय आत घालून बसलं तर वारा अडतो. चंदेरी फॉइलचं ब्लँकेट हलकं असतं म्हणून मी ठेवतो. पण वाऱ्यात ते नुसतं फडफडतं आणि फाटतं, त्यामुळे ते रेनकोटच्या आत गुंडाळायचं. गटात मिळून निदान दोन लोकरी स्वेटर, दोन कानटोप्या आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड, सगळं दुहेरी प्लास्टिकमध्ये गाठ मारून. ही गाठ शेवटपर्यंत सुटली नाही तर उत्तम. "थोडं गार वाटतंय" म्हणून स्वेटर बाहेर काढला की तो भिजतो आणि वेळेला नसतो.

माणूस गारठला तर चालायचं थांबवा आणि वाऱ्याच्या आडोशाला ताडपत्री लावा. ओले कपडे काढून कोरडे घाला. खाली सॅक, दोरी, चपला, जे असेल ते अंथरा, कारण ओला कातळ वाऱ्याइतकीच ऊब खातो. दोघांनी त्याला मध्ये घेऊन चिकटून बसायचं. नीट गिळता येत असेल तर गूळ आणि गरम गोड चहा. हातपाय जोरजोरात चोळायचे नाहीत. आणि "दोन घोट मार, गरम वाटेल" हे तर अजिबात नाही: दारूनं कातडीकडे रक्त येतं, क्षणभर गरम वाटतं आणि आतली ऊब झपाट्यानं बाहेर पडते. छोटा थर्मास हे मी पावसाळ्यातलं औषधच मानतो. आणि ताई, नऊही जणांना आधीच सांगा: जीन्स घालून यायचं नाही.

आता आवाज आणि उजेड. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी, मुलीच्या गळ्यात तर हवीच. मसाईवर धुकं उतरलं की वीस पावलांवरची हाक कळत नाही, शिट्टी कळते. डोंगरातला संकेत ठरलेला आहे: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर देणाऱ्यानं मिनिटाला तीन. शिट्टी मारणाऱ्यानं जागा सोडायची नाही. पठारावर चुकलेला माणूस घाबरून चालत राहतो, कडेला जातो आणि शोधणाऱ्यांपासून लांब जातो. म्हणून हे निघण्यापूर्वी राजदिंडीपाशी एकदा सगळ्यांकडून करून घ्या. मुलगी मन लावून शिकेल, मोठे टाळतील. मोठ्यांकडूनही करून घ्या.

बॅटरी डोक्याला लावायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. नऊ जणांत निदान चार आणि सुटे सेल. "पाच वाजता परत येणार, कशाला बॅटरी" असं म्हणणारे जास्त करून सात वाजताही डोंगरातच असतात. मोबाइलचा नकाशा घरून डाउनलोड करा. रेंज नसेल तिथे फोन फ्लाइट मोडवर ठेवा. सारखी रेंज शोधत राहिला तर दुपारपर्यंत बॅटरी बसते. दोन फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून, प्लास्टिकमध्ये ठेवायचे आणि फोटोसाठी बाहेर काढायचे नाहीत. फोन लागत नसेल तर एसएमएस पाठवा, रेंजची एखादी काडी आली तरी तो जातो. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या टॉवरवरून 112 लागण्याची शक्यता असते, म्हणून प्रयत्न करायचाच. आणि पलीकडून विचारतील तेव्हा "पठारावर आहे" असं सांगून भागत नाही. जवळची वाडी, कुठल्या बाजूनं चढलात, रुग्णाला उचलून कुठल्या गाडीरस्त्याला आणताय, हे एका दमात सांगता आलं पाहिजे. मी ते कागदावर लिहूनच निघतो.

आता औषधांचा पाऊच. इथे मुरगळलेला पाय सगळ्यात आधी, कारण माझ्या अनुभवात बाकी सगळ्या तक्रारी एकत्र केल्या तरी त्याची बरोबरी होत नाही. चार इंची क्रेप बँडेज दोन आणि सहा इंची एक घ्या. दोन इंची घेऊ नका, पायाला ते दोरीसारखं रुततं. गुंडाळायला बोटांच्या मुळापासून सुरुवात करा. तळपायावरून घोट्याच्या मागे, पुन्हा तळपायाखालून, असा आठाचा आकडा काढत वर जा, आणि प्रत्येक फेर आधीच्या फेराच्या अर्ध्यावर बसवा. बोटं उघडी ठेवा. अंगठ्याचं नख दाबून सोडा: पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं तर बांधणी बरोबर, नाही झालं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर सैल करा. दुखणाऱ्याला उभं करून चार पावलं टाकायला सांगा. चार पावलं टाकताच येत नसतील तर हाड मोडलंय असं धरूनच पुढचं ठरवा. चालता येत असेल आणि चालूनच उतरायचं असेल तर बूट काढू नका, वरूनच बँडेज आवळा. एकदा काढलेला बूट सुजलेल्या पायावर परत चढत नाही.

हाड मोडल्याची शंका असेल तर आधाराला दोन दिवसांची वर्तमानपत्रं पुरतात. घट्ट गुंडाळी करून घोट्याला यूच्या आकारात लावायची आणि क्रेपनं बांधायची. मनगटाला, कोपराखालच्या हाताला तीच युक्ती. पेपर प्लास्टिकमध्ये कोरडा ठेवा, भिजला की त्याचा लगदा होतो. हात गळ्यात अडकवायला त्रिकोणी पट्टी: मीटरभर चौरस मांजरपाट तिरका कापला की दोन पट्ट्या होतात. कुणाकडे ओढणी, उपरणं असेल तर तेही चालतं. मोठ्या सेफ्टी पिना सहा ठेवा. वाकडं झालेलं हाड ओढून सरळ करायला जाऊ नका. जसं आहे तसंच, वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही असं बांधा.

जखमा. मसाईचा माथा जांभ्या कातळाचा. त्यावर घासून पडलं की कातडीत तांबडी कच रुतते. तिच्यावर थेट मलम लावलं तर घाण आतच राहते. आधी धुवायचं, आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवायचं. बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडा आणि बाटली दाबा. जी बारीक जोरदार धार येते तिनं कच निघते. अर्धा लिटर तरी पाणी घालवा, मग बीटाडिन, निर्जंतुक गॉज आणि वरून पट्टी. कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही, तंतू चिकटतात. मी पाऊचमध्ये गॉजचे दहा सीलबंद चौकोन, बीटाडिनची लहान बाटली, मायक्रोपोर आणि कापडी चिकटपट्टीचं एकेक रीळ, चांगली कात्री, चिमटा आणि हातमोज्यांचे चार जोड ठेवतो. हळद, चहापूड, तंबाखू, माती यांतलं काही जखमेत भरू देऊ नका. गावातलं कुणी प्रेमानं पुढे करेल, त्यांना प्रेमानंच नाही म्हणा. रक्त वाहत असेल तर गॉजची घडी ठेवून तळहातानं सलग दहा मिनिटं दाबा, घड्याळ लावून. मध्येच उचलून "थांबलं का" बघितलं की बनत आलेली गुठळी सुटते. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवा. सॅनिटरी पॅड पिशवीत असावेतच, मुलीसाठी आणि तुम्हा सगळ्या बायकांसाठी. मोठ्या जखमेवर दाबायला ते स्वच्छ जाड घडीचं कामही करतात. कोल्हापुरात परतल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते डॉक्टरांना सांगा. चिखलात, शेतातल्या साचलेल्या पाण्यात जखम भिजली असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पिंढऱ्या खूप दुखल्या, तर "पावसात, चिखलातून चाललो होतो" हे डॉक्टरांना मुद्दाम सांगायचं. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका त्यावरूनच येते.

टाचेचे फोड हे छोटं दुखणं, पण माणूस लंगडायला लागला की दुसऱ्या पायावर पडतो. टाच गरम झाल्यासारखी वाटली की तिथेच थांबून कापडी पट्टी लावायची, फोड यायची वाट बघायची नाही. नवे बूट घालून कुणालाही येऊ देऊ नका.

साहेबांच्या शुगरबद्दल जरा थांबून सांगतो. शुगर म्हटलं की लोकांना वाढलेली साखर आठवते. डोंगरात भीती उतरलेल्या साखरेची असते. सकाळी नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं, नाश्ता घाईत कमी झालेला आणि वर पाच तासांची चाल. घाम, हात थरथरणं, उगाच चिडणं, मग भरकटल्यासारखं बोलणं हा क्रम ओळखून ठेवा. शांत स्वभावाचा माणूस अचानक वैतागून "मी नाही येत जा" म्हणून बसला तर त्याच्याशी वाद घालू नका, साखर द्या. तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढी ग्लुकोज पावडर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून अजून बरं नसेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर पोळी-भाजी, म्हणजे साखर टिकते. आपला कोल्हापुरी गुळाचा खडाही चालतो, पण विरघळायला वेळ घेतो. पहिला मान साखरेच्या पाण्याचा. शुगर-फ्री बिस्किटं इथे कामाची नाहीत. गुंगीत असेल, गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही: कुशीवर वळवायचं आणि थेट 108. साहेबांनी त्या दिवशीच्या डोसबद्दल आपल्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारावं, ग्लुकोमीटर सोबत घ्यावा, आणि साखरेची पुडी पिशवीत नको, त्यांच्या स्वतःच्या खिशात हवी. दम्याच्या पंपालाही हाच नियम.

आणि हो, पहाटे मिसळीवर ताव मारून चढाई सुरू करायची कोल्हापुरी पद्धत मोडा. तर्री पोटात आणि चढ छातीवर, मग घशाशी येतं आणि तासाभरात कुणीतरी बसकण मारतं. मिसळ परतताना खा, तेव्हा ती गोडही लागते.

गोळ्या मी मोजक्याच ठेवतो. पॅरासिटामॉल 500, अॅलर्जीसाठी सेट्रिझिन 10, एक अँटॅसिड, ओआरएसच्या सहा पुड्या आणि अॅस्पिरिन. अॅस्पिरिन डोकेदुखीसाठी नव्हे. चढावर कुणाच्या छातीत दाब आला, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर त्याला तिथेच बसवायचं, एक पाऊलही चालवायचं नाही. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधारण 325 मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला लावायची आणि उचलून आणायची तयारी करायची. वेदनेच्या जहाल गोळ्या मी देत नाही. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या किडनीला त्रास देतात. गोळ्या देताना आधी अॅलर्जी विचारा, मुलीला देण्याआधी तिच्या आईला विचारा. स्ट्रिप कापताना एक्स्पायरी छापलेलं टोक ठेवा आणि पाकिटावर मार्करनं मराठीत लिहा, कशासाठी आणि किती. धुक्यात, ओल्या चष्म्यातून बारीक इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत.

ओआरएस घेताना पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या बाटलीत अख्खी टाकली की खारट-गोड लापशी होते आणि जुलाब वाढू शकतात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. पाणी माणशी तीन लिटर, रांगण्याला त्याहून थोडं जास्तच. झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसतं, पण वर गुरं चरतात. क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका.

रांगणा वेगळा आहे. गारगोटी-पाटगावकडून जाताना दाट झाडी, रेंज जवळपास नाही आणि मदत मसाईपेक्षा लांब. दिवाळीपर्यंत जळवा बऱ्याच कमी झालेल्या असतात, पण पाऊस लांबला तर भेटतात. जळू खेचू नका. तिच्या बारीक तोंडाच्या बाजूला नख कातडीला टेकवून सरकवा, मग जाड बाजू सोडवा आणि फेका. मीठ, तंबाखू, काडीची आग यांनी ती सुटते, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकते. नंतर रक्त बराच वेळ झिरपतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. घाबरायचं कारण नाही: धुवा, घडी ठेवून दाबा.

आग्या मोहोळाची भीती मात्र खरी बाळगा. उन्हाळी दिवसांत बुरुजाच्या, कड्याच्या पोटाखाली पोळी लटकलेली दिसतील. अत्तर, डिओ नको, शेकोटी नको, आरडाओरडा आणि दगड तर नकोच. उठल्याच माश्या तर हात हलवून मारू नका. तोंड आणि मान कपड्यानं झाकून झाडीतून लांब पळा, पाण्यात उडी मारू नका. काटा नखानं खरवडून लगेच काढा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. सेट्रिझिन द्या. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरला, चक्कर आली तर त्या गोळीच्या भरवशावर थांबू नका, तो जिवावरचा प्रकार आहे आणि त्याला दवाखान्यातलं अॅड्रेनॅलिन लागतं. आधी कधी असं झालेलं कुणी गटात असेल तर त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय येऊच नये.

सापासाठी पिशवीत वेगळं काही ठेवायचं नाही: ब्लेड नाही, रक्त ओढायचा पंप नाही, आवळायची दोरी नाही. हे सगळं आजही विकलं जातं आणि त्यानं नुकसानच होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष आहे आणि ते दवाखान्यातच, शिरेतून द्यायचं असतं. झाडीतला हिरवा चापडा त्या चारांत येत नाही, तरी दवाखाना गाठायचाच. चावलेल्याला आडवं करा, धीर द्या, अंगठी-घड्याळ-पैंजण काढा, तो हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा बांधून स्थिर ठेवा आणि उचलून न्या. चालवू नका. चावल्याची वेळ बॉलपेननं त्याच्या हातावरच लिहा. साप मारायला, पकडायला जाऊ नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक. मण्यार चावल्याचं कधीकधी दुखतही नाही, म्हणून "काही होत नाहीये" यावर विसंबू नका. रांगण्याला निघायच्या आदल्या दिवशी वाटेवरच्या सरकारी दवाखान्याला फोन करून सापाचं इंजेक्शन शिल्लक आहे का हे विचारायला पाच मिनिटं लागतात. मी दर वेळी विचारतो.

ऑक्टोबरात दुपारनंतर विजा होतात. गडगडाट ऐकू आला की माथा, सडा म्हणजे उघडं कातळपठार, एकटं झाड सोडून खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला घ्या, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल. नऊपैकी तीन जणांना तरी हे हातानं करता आलं पाहिजे. कुठल्याही चांगल्या प्रशिक्षणात अर्ध्या दिवसात शिकवतात.

जुलैत निघताना आदल्या रात्री पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका हे आपल्याकडे पोरांनाही पाठ असतं, पण डोंगरात जाताना तीच माणसं ते विसरतात. पाणी चढत असेल तर सकाळी ओलांडलेला ओढा आणि सकाळी मोकळा असलेला रस्ता संध्याकाळी मोकळा असेलच असं नाही. रोज औषध घेणाऱ्यांनी दोन दिवसांचा जादा डोस जवळ ठेवावा. गुडघ्यावर पाणी असलेला, गढूळ, जोराचा ओढा ओलांडायचा नाही. पलीकडे थांबावं लागलं तर ताडपत्री आहे, गूळ आहे, स्वेटर आहेत.

भरण्याची पद्धत: औषधांचा पाऊच भडक रंगाचा आणि सॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. आत चार झिपलॉक पिशव्या: रक्त, पाय, गोळ्या, बाकीचं. पाऊच शेवटी चालणाऱ्याकडे द्या, कारण पुढे गेलेल्याला मागे पडलेला दिसत नाही. तो कुणाच्या सॅकमध्ये आहे हे नऊही जणांना माहीत हवं. आदल्या रविवारी सगळे रंकाळ्यावर जमा, हात ओले करा आणि एकमेकांच्या घोट्याला बँडेज बांधून बघा. ओल्या बोटांनी झिप उघडते का, गॉजचं पाकीट फाटतं का, हे तिथेच कळू दे. प्रत्येकाचं नाव, रक्तगट, अॅलर्जी, चालू औषधं आणि घरचा नंबर एका कागदावर लिहून त्याच्या दोन प्रती करा: एक पाऊचमध्ये, एक कोल्हापुरात थांबणाऱ्या कुणाकडे. त्यांना सांगून जा की सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

परत आल्यावर त्याच रात्री पाऊच रिकामा करून पंख्याखाली उघडा टाका. क्रेप धुऊन सावलीत वाळवा, उन्हात त्याचा ताण जातो. जे वापरलं ते दुसऱ्याच दिवशी मेडिकलमधून आणून भरा. मसाईनंतरची पिशवी ओलीच गुंडाळून ठेवली तर रांगण्याला निघताना आत बुरशी निघेल. भरताना काही अडलं तर लिहा, आणि साहेब कुठली गोळी घेतात तेही कळवा.